ठकीचं नाव ठकीच

"हळू, हळू! आपटू नका टोपली. जीव केवढासा आहे तो, दचकेल!"

अण्णा, म्हणजे माझे सासरे, ओरडत घरात शिरले. टोपली त्यांच्याच हातात होती, त्यामुळे ते नेमके कोणावर ओरडत होते ते कळेना. मी स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होते. माझ्या लग्नाला आठवडा झाला असेल-नसेल. हातावरची मेंदी अजून पुरती उतरली नव्हती.

"मृणाल, एक बशी आण गं," बाहेरून माईंची, म्हणजे सासूबाईंची हाक आली.

मी फोडणीत हिंग घातला.

"मृणाल! अगं ए मृणाल! बहिरी आहे की काय ही?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मृणाल म्हणजे मी.

माझं नाव गोदावरी. नाशिकचा जन्म, आजीचं नाव गोदावरी, ती गेली त्याच वर्षी मी झाले, म्हणून दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तेच नाव ठेवलं. घरात, शाळेत, अख्ख्या आळीत मी गोदा. वीस-बावीस वर्षं माणूस एका नावाला 'ओ' देतं आणि मग एका दुपारी ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं त्यात काहीतरी लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात, आणि संपलं! पेढा तोंडात असतानाच मी वाकून बघितलं, तर तांदळात लिहिलेलं 'मृणाल'. मला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. वर माई सगळ्यांना सांगत होत्या, "नदीचं नाव असलेली सून घरात टिकत नाही. वाहून जाते. म्हणून बदललं हो." मी मुंडावळ्यांतून त्यांच्याकडे बघत होते. मी टिकू नये असं कोणाला वाटत होतं, नदीला?

असो. बशी घेऊन मी बाहेर गेले.

टोपलीत मांजराचं पिल्लू होतं. पांढरं, पाठीवर करड्या रंगाचं ठिगळ, डोळे एवढे मोठे की बाकी तोंड कुठे आहे ते शोधावं लागावं. अण्णांचे मित्र वाळिंबे, त्यांच्या मांजरीचं. कऱ्हाडला आमच्या कॉलनीत उंदरांनी उच्छाद मांडला होता, म्हणून माईंनीच मांजर आणायला सांगितलं होतं. पण त्यांना मोठं, चांगलं शिकारी मांजर हवं होतं. अण्णांनी आणलं मुठीएवढं पिल्लू.

"ही उंदीर धरणार?" माई म्हणाल्या. "हिलाच उंदीर धरून नेईल."

"मोठी होईल गं. आधी रुळू तर दे." अण्णा जमिनीवर मांडी घालून बसले. शाळेचे निवृत्त हेडमास्तर, आयुष्यभर पोरांना छड्या मारलेला माणूस, आणि आता आवाज असा काढत होते की जणू बारशाला आलेत. "हे बघा, सगळ्यांनी ऐका. हा लुगड्याचा तुकडा टोपलीतच राहू दे. धुवायचा नाही. हिच्या आईचा वास आहे त्याला. त्या वासाचा धीर असतो त्यांना."

मी ऐकलं. माझ्या आईनं पाठवलेली गोधडी, तिच्या नि आजीच्या लुगड्यांची, तिनं स्वतः शिवलेली, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी माळ्यावर गेली होती. "असलं बोचकं नव्या सुनेच्या खोलीत बरं दिसत नाही," असं माई म्हणाल्या होत्या. मी बशी खाली ठेवली.

"आणि नाव काय ठेवायचं?" शिरीषनं विचारलं. शिरीष म्हणजे माझा नवरा. वीज मंडळात होता, स्वभावानं गरीब, आईच्या शब्दाबाहेर नाही. "मनी? चिंगी?"

"ठेवायचं काय त्यात?" अण्णा म्हणाले. "नाव आहे तिला. वाळिंबे ठकी म्हणतात. ठकीच राहणार."

"इश्श, ठकी काय!" माई.

"नाव बदलायचं नाही!" अण्णांनी हेडमास्तरी आवाज काढला, आणि पिल्लू टोपलीत दबलं, तसा लगेच खाली आणला. "विचार करा जरा. आई सुटली, घर सुटलं, सगळे वास नवे, माणसं नवी. त्यात नावही बदललं तर बावरून जाईल बिचारी. निदान तिचं नाव तरी तिच्याजवळ असू दे."

माई म्हणाल्या, "ते मात्र खरं हो."

शिरीष म्हणाला, "खरंच."

मी तिथे उभी होते. तिघांच्या समोर. एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. मी परत आत गेले आणि आमटीत मीठ दोनदा घातलं. त्या दिवशी सगळ्यांनी पाणी पीत पीत जेवण केलं, आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

मग सुरू झालं ठकीचं कौतुक. माईंनी तिच्या चारी पायांना तूप चोळलं. तूप चाटत बसली की मांजर घर आपलं म्हणतं, असं त्यांच्या माहेरी करायचे म्हणे. मी उंबऱ्यावरचं माप लाथाडून आत आले, तेव्हा माझ्या पायांना तांदूळ टोचले होते, तूप कोणी लावलं नव्हतं. ठकीसाठी मागच्या पडवीत मातीची पाटी भरून ठेवली. ठकीला मोठे आवाज नकोत म्हणून रेडिओ बारीक. एकदम सगळं घर दाखवायचं नाही, आधी एक खोली, मग दुसरी, असं अण्णांचं वेळापत्रक. मला मात्र पहिल्याच सकाळी अख्ख्या घराचं झाडू-पोतेरं दाखवलं होतं, एकदम.

ठकी खाईना. दूध ठेवलं, हुंगून निघून गेली. दूधभात कालवला, तोच प्रकार. अण्णांचा चेहरा उतरला.

"तिथे म्हशीचं दूध प्यायची ती," ते म्हणाले. "आपलं गाईचं. चव बदलली ना! मी वाळिंब्यांकडून आणतो."

आणि ते खरंच सायकल काढून, हँडलला बरणी अडकवून, गावाच्या दुसऱ्या टोकाला म्हशीचं दूध आणायला गेले. भर उन्हाचे!

आता माझं ऐका. आमच्याकडे नाशकात काळा मसाला, झणझणीत रस्सा. इथे आमटीत गूळ, भाजीत गूळ, उसळीत गूळ. सूनबाई बारीक होतेय, हे कोणाला दिसत नव्हतं. मी एकदा भीत भीत विचारलं, "माई, गूळ घालायच्या आधी माझ्यापुरती वाटीभर आमटी बाजूला काढू का?" तर म्हणाल्या, "एका घरात दोन आमट्या? जीभ काय, वळवू तशी वळते."

माझी जीभ वळवायची आणि मांजराची जपायची!

शिरीषला मी एकदा स्पष्ट सांगितलं. "अहो, तुम्ही तरी मला गोदा म्हणा ना."

"माईला आवडणार नाही गं."

"माईंसमोर नका म्हणू. आपण दोघंच असताना म्हणा."

"मग चुकून तोंडातून जाईल ना एखादे वेळी," तो म्हणाला. "आणि मृणाल काय वाईट आहे? ऑफिसात सगळे म्हणाले, काय मॉडर्न नाव ठेवलंयस!"

"ऑफिसातले येणार आहेत का नांदायला?"

"होईल गं सवय," म्हणाला आणि पेपर उघडला. सवय! मला या शब्दाची चीड तेव्हापासून आहे, ती आजतागायत गेलेली नाही.

ठकी दिवसभर धान्याच्या कोठीखाली बसून असायची. आणि हे तिघं जमिनीला गाल टेकवून, बुडं वर करून, "ये ठकी, ये गं ठकी, ये बाळा," असे आळवत बसायचे. अण्णांचा चष्मा दोनदा कोठीखाली गेला. ती कशाला येतेय! सहा डोळे रोखून आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर कोण बाहेर येईल? मी नवी नवरी होते, मला चांगलं माहीत होतं. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस मला असाच वाकून बघून जायचा.

दुपारी सगळे आडवे झाले की मी कोठीपाशी जाऊन बसायची, तिच्याकडे पाठ करून. मेथी निवडायची, शेंगा सोलायच्या. बोलावणं नाही, बघणं नाही. पहिल्या दिवशी काही झालं नाही. मग एका दुपारी कमरेला काहीतरी मऊ लागलं. मी हलले नाही. ती पदरावर चढली, मांडीशी आली, मेथीची काडी पंज्यानं उडवली, आणि माझ्या मांडीत अंगाचं वेटोळं करून घुर्र घुर्र करायला लागली.

तेव्हा मी हळूच म्हटलं, "ठकी, मी गोदा."

सासरी आल्यापासून 'मी गोदा' असं मी पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं होतं. असं भडभडून आलं म्हणता! तोंडात पदर कोंबून रडले. मांजर दचकेल म्हणून आवाज न करता.

त्यानंतर ठकी माझ्या मागे मागे असायची. अण्णा सगळ्यांना सांगायचे, "बघा, माझ्या पद्धतीनं रुळली की नाही!" एका बाबतीत मात्र त्यांच्या पद्धतीत आम्हा दोघींना सारखाच नियम होता. अण्णा म्हणायचे, "इतक्यात तिला वाळिंब्यांकडे न्यायचं नाही हं. जुनं घर दिसलं की इथे रुळणार नाही." आणि माई म्हणायच्या, "इतक्यात माहेरी नको जाऊस, मन लागणार नाही इथे."

हे मला विशेष जाचत होतं, कारण दादांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. मोतीबिंदू. आज तासाभरात घरी पाठवतात, तेव्हा तसं नव्हतं. डोळ्याला पट्टी, दिवसचे दिवस उताणं पडून राहायचं, मान हलवायची नाही. आणि दादांचा दुसरा डोळा लहानपणीच गेलेला. जे काही दिसत होतं ते या एकाच डोळ्यानं. ते बिघडलं तर? दादा कंपाउंडर होते, डॉक्टर गर्ग्यांच्या दवाखान्यात पुड्या बांधायचे. त्यांचं सगळं काम नजरेचं.

मी माईंना विचारलं, जाऊन येऊ का. त्या म्हणाल्या, "तू जाऊन काय डोळा कापणार आहेस? चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, नव्या सुनेचं पहिलं. लोक काय म्हणतील?" मग मी आईला पत्र टाकलं. शेजारी दामल्यांकडे फोन आहे, हा नंबर, पट्टी सुटली की डॉक्टर गर्ग्यांच्या दवाखान्यातून लगेच फोन कर, ते मला बोलावतील.

आणि मी वाट बघत बसले. पट्टी सुटायचा दिवस गेला, पुढचे दिवस गेले. दामल्यांच्या फोनची घंटा भिंतीपलीकडून ऐकू यायची. वाजली की मी हातातलं टाकून कुंपणापाशी धावायची. कोणी बोलावत नव्हतं, आणि नव्या सुनेनं आपणहून त्यांच्या दारात जाऊन विचारायचं कसं! फोन नाही म्हणजे नक्कीच काहीतरी वाईट, आई कोणत्या तोंडानं सांगणार, असलेच विचार. शिरीष म्हणाला, "काही झालं असतं तर तार आली असती." मनाचं समाधान करायची काय ही रीत!

हळदीकुंकवाचा दिवस आला. गौर झोपाळ्यावर बसवली, पुढे आरास केली, कलिंगडाची कमळं कापली. सकाळपासून मी कैऱ्या किसत होते, डाळ वाटत होते. संध्याकाळी बायका जमल्या. खोली गच्च भरली, अत्तर, गुलाबपाणी, बांगड्यांचा आवाज. अण्णा आणि शिरीष पुढच्या व्हरांड्यात. मी नवा शालू नेसून प्रत्येकीच्या ओटीत भिजवलेले हरभरे घालत होते आणि प्रत्येकीच्या पाया पडत होते.

"काय गं नाव तुझं?" कोपऱ्यातल्या आजीबाईंनी विचारलं.

"मृणाल," माईंनी परस्पर सांगितलं.

तेवढ्यात वाळिंबेकाकू म्हणाल्या, "अहो, आमची ठकी कुठाय? बघू तरी केवढी झाली."

ठकी नव्हती. कोठीखाली नाही, पडवीत नाही, पलंगाखाली नाही. एवढ्या बायकांचा गलका ऐकून बिचारी कुठेतरी पळाली होती. व्हरांड्यातून अण्णा धावत आले. "दार कोणी उघडं टाकलं? रस्त्यावर गेली असेल! तरी मी सांगत होतो, मोठे आवाज नकोत!" हळदीकुंकू राहिलं बाजूला, बायका पलंगाखाली वाकायला लागल्या. पन्ह्याचा एक पेला लवंडला.

मी मधल्या खोलीत जाऊन उभी राहिले आणि हळूच हाक मारली. "ठकी."

वरून बारीक आवाज आला, म्यँव.

माळ्यावर! एकावर एक ट्रंका रचलेल्या होत्या, त्यांवरून चढली असणार. मी शालूचा पदर खोचला आणि स्टुलावर चढले.

"अगं अगं, शालू!" माई ओरडल्या.

मी वर हात घातला आणि हाताला काय लागलं? माझी गोधडी. घडी विस्कटून त्यात ठकी बसलेली, नाक खुपसून. सगळ्या घरात लपायला तिला माझ्या आईची गोधडीच सापडली. मी दोघींना एकदम खाली काढलं.

"सापडली गं बाई!" सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

"हाकेला कशी ओ देते बघा," वाळिंबेकाकूंना कौतुक. "तुम्ही नाव तेच ठेवलंत वाटतं?"

"तेच!" अण्णा दारातून अभिमानानं म्हणाले. "मी ठाम सांगितलं होतं, नाव बदलायचं नाही. जीव बावरतो त्यानं."

"किती विचार करतात तुमच्याकडे," आजीबाई म्हणाल्या. "मुक्या जनावराचासुद्धा!"

माई सुखावल्या. आणि तेवढ्यात दामलेकाकू, पन्ह्याचा घोट घेत, सहज म्हणाल्या, "नावावरून आठवलं. कोण एक बाई आमच्याकडे नाशकाहून सारखा फोन करतेय. धड काही ऐकू येत नाही, नुसतं गोदाला बोलवा, गोदाला बोलवा! तीनदा केला. मी म्हटलं, बाई, इथे आसपास गोदा-बिदा कोणी नाही, राँग नंबर. तरी आपली ऐकेचना."

खोलीत सगळं होतं तसंच होतं. मी ठकीला घट्ट धरलं.

"ती माझी आई," मी म्हटलं.

"अं?"

"ती माझी आई होती काकू. माझ्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. ते सांगायला ती फोन करत होती. गोदा मी आहे."

दामलेकाकूंच्या हातातला पेला तसाच राहिला. "अगं बाई! पण तू तर… आम्हाला मृणाल म्हणून…"

"मृणाल," माई दबक्या आवाजात म्हणाल्या, "पाहुण्या आहेत. नंतर बोलू."

"मृणाल कोण?" मी म्हटलं. "राँग नंबर!"

माझा आवाज एवढा मोठा असेल हे मलाच माहीत नव्हतं. गोधडी एका खांद्यावर, मांजर दुसऱ्या हातात, आणि मी सुटले. "मांजराचं नाव बदललं तर मांजर बावरतं! त्याला त्याच्या आईच्या वासाचं फडकं लागतं! त्याच्यासाठी सायकलवरून गावभर फिरून दूध आणायचं! आणि मी? मला काय दगड म्हणून आणलंय तुम्ही? माझी आई सुटली नाही? माझं घर सुटलं नाही? माझी गोधडी माळ्यावर, माझं नाव तांदळात, आणि ते तांदूळ तुम्ही दुसऱ्या दिवशी शिजवून खाल्लेत! माझे वडील आंधळे झालेत की त्यांना दिसतंय, हे मला अजून माहीत नाही, का? तर मी टिकावी म्हणून!"

अण्णा दारात उभे होते. इतका वेळ ठकीसाठी पसरलेले हात तसेच पुढे होते. त्यांनी ते खाली घेतले. शिरीष त्यांच्या मागे होता, तो जमिनीकडे बघत होता.

माईंचा चेहरा लालभडक झाला होता. आता मला माहेरी पाठवतील, कायमची, असं मला वाटलं. आणि खरं सांगते, पाठवा, असंही वाटलं.

मग वाळिंबेकाकू म्हणाल्या, "मी बनुताई." सगळ्यांनी वळून बघितलं, तशा लाजल्या. "म्हणजे माहेरची हो. इथे शालिनी."

"माझं वेणू होतं," दामलेकाकू हळूच म्हणाल्या. "विद्या हे यांच्या आत्यानं ठेवलं." "गोदा, मला खरंच माहीत नव्हतं गं."

"मी ताराऊ," दुसरी एक जण म्हणाली. "अंबू," तिसरी. एकीनं सांगितलं की दुसरीला आठवत होतं. कोणी हसत सांगितलं, कोणी डोळे पुसत. एकमेकींच्या शेजारी जन्म काढलेल्या बायका, आणि एकीला दुसरीचं नाव ठाऊक नव्हतं. कोपऱ्यातल्या आजीबाई मात्र कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या.

"मला आठवतच नाही बाई," त्या शेवटी म्हणाल्या. "काहीतरी होतं खरं. आई काहीतरी हाक मारायची."



माई पन्ह्याच्या पातेल्याशी उभ्या होत्या, डाव हातात धरून. त्या पातेल्याकडेच बघत म्हणाल्या, "नर्मदा."

"काय म्हणालीस?" दारातून अण्णांनी विचारलं.

"नर्मदा नाव होतं माझं. पत्रिकेत वाचलं असेल तुम्ही, विसरलात. तुमच्या आई म्हणाल्या, नदीचं नाव असलेली सून टिकत नाही, म्हणून सुमती केलं." त्यांनी मान वर केली. मला वाटलं माझ्यावर येणार, पण त्या बघत होत्या अण्णांकडे. "केलं तर केलं. पण ते सुमती तरी एकदा म्हणालात? चाळीस वर्षं झाली. 'अगं', 'ऐकलंस का', 'कुठे गेलीस'. जुनं काढून घेतलंत नि नवं तोंडानं घेतलं नाहीत. आणि त्या एवढ्याशा मांजराला दिवसभर ठकी, ठकी, ठकी!"

अण्णांनी चष्मा काढून हातात घेतला.

"जा गं तू," माई मला म्हणाल्या. आवाज खरखरीत होता, माया-बिया काही नव्हती त्यात. "दामल्यांकडे जा आणि फोन लाव आधी. इथलं मी बघते."

दामलेकाकू माझ्या आधी धावल्या. ट्रंक कॉल लागायला वेळ लागला. फोनच्या टेबलाशी मी शालूवर गोधडी पांघरून बसले होते. अखेर घंटा वाजली आणि आईचा आवाज आला. "कोण? कोण बोलतंय?"

"आई, गोदा बोलतेय."

"अगं कुठे होतीस?" आई रडायलाच लागली. "तीनदा केला फोन. दिसतंय हो त्यांना, चांगलं दिसतंय! पण तू फोनवर येईनास, म्हणून हे म्हणत होते, लेक विसरली वाटतं आपल्याला."

तेवढं एक वाक्य मी अजून गिळलेलं नाही. दादा जाऊन किती वर्षं झाली, पण चार दिवस का होईना, त्यांना असं वाटलं होतं. ते तांदूळ ज्यांनी ज्यांनी पसरले, त्या सगळ्यांना मी इतर सगळं माफ केलं, हे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर माई आधीच स्टोव्हपाशी होत्या. गोधडी माझ्या खोलीतच राहिली होती, ती कोणी उचलली नव्हती. ठकी माझ्या पायात घोटाळत होती. आधण उकळत होतं.

अण्णा दारात आले. रोज ते तिथून "अगं, चहा" असं म्हणून पेपरकडे वळायचे. त्या दिवशी उभेच राहिले. घसा खाकरला. ठकी त्यांच्याकडे गेली, पण त्यांनी तिला हाक मारली नाही.

"नर्मदे," ते म्हणाले. आवाज इतका अवघडलेला, की वर्गात पाठ न केलेली कविता म्हणायला उभ्या राहिलेल्या पोराचा असतो तसा. "चहा होईल का?"

माईंनी वळून बघितलं नाही. सांडशी त्यांनी दोनदा उचलली आणि परत ठेवली. उभ्या आयुष्यात ज्यांनी थेंबभर दूध उतू जाऊ दिलं नाही, त्यांच्या डोळ्यांदेखत सगळा चहा भसकन वर आला आणि स्टोव्ह विझला. मी पुढे होऊन पातेलं उतरवायला गेले, तर त्यांनी पदरानं डोळे पुसत माझा हात बाजूला केला.

"होईल," त्या म्हणाल्या. "गोदा, बघत काय उभी राहिलीस? आलं किस."